जवायाची जमानत

माहं गाव चामोर्शीच्या अल्याडच, वैनगंगेच्या अंगानं, धानाचं गाव. माहा बाप सोमाजी. आमच्या घरी पयले जमीनच नव्हती भाऊ, माहा आजा दुसऱ्याच्या बांद्यात राबला, तसाच मेला. बानं मात्र जवानपनी जंगलात बांबू तोडाईचं काम धरलं, पावसाळा सोडला तर घरी दिसतच नव्हता म्हने माही माय, आन त्या पैशातून त्यानं मालगुजाराच्या घरची एक धानाची बांदी इकत घेतली. बांदी म्हनजे काय, तुमाले समजावं म्हनून सांगतो, चारी बाजूनं धुरा, मातीचा बांध, घातलेला धानाचा तुकडा. लहानच होती. पन आमच्या सात पिढ्यांत पयली. बा रोज तिच्या धुऱ्यावरून एक चक्कर मारे, काम असो का नसो. माय हासे, म्हने, जमीन का पळून जाते काय तुमची. बा म्हने, जाते बाई, गरिबाची जमीन पळून जाते.

आमी दीक्षा घेतलेले लोक. मी व्हायच्या आदीच घरातले देव गेल्ते. म्हनून बा लय स्वाभिमानाचा, कोनासमोर हात जोडे नाई. हे मी काऊन सांगून राह्यली, तर पुढं ऐका.

आमच्या गावाजवळ बंगाली लोकायचा कॅम्प आहे. सरकारनं त्यायले तिकडून, फाळनीनंतर, आनून बसवलं, घर देल्लं, जमीन देल्ली. सुरवातीले आमचे लोक त्यायले भेत, ते आमाले भेत. त्यायची बोली समजे नाई. मग रोवन्याच्या दिवसात एकाच बांद्यात कंबर वाकवून उभं राह्यल्यावर बोली लागत नाई, आपोआप समजते. मीही रोवन्याले जाय, तिथीच निताई दिसला. तो धान रोवे, आन बाकीच्या दिवसात तलावात जाळं टाके, मासोळ्या घेऊन चामोर्शीच्या बाजारात बसे. जाळं स्वताच इने. त्याचे हात पाह्यचे तुमी, इतके बारीक चालत, जसं कोनी पेटी वाजवून राह्यलं. बोलायचा मात्र कमी, आन बोलला तर अर्धी मराठी, अर्धी हिंदी.

तो कॅम्पात आपल्या काकाकडे राहे. काका सरकारी कागदावर आलेला, पक्का. निताई तसा नाई. तो मांगून आला, तिकडे बांगलादेसाची लढाई झाल्यावर. बाप मेलेला. माय होती, पन लेकीच्या बाळंतपनासाठी मांगं राह्यली, म्हने तू हो पुढं, मी मांगून येतो. ते मांगून येनं काही झालं नाई. रस्ता बंद झाला, पैसा नाई, लेकीची लेकरं झाली, असं करता करता वर्सं गेली. तो जेवाले बसला का पयला घास घेऊन थांबे. मी विचारलं, काय झालं, तर म्हने काही नाई, माँ याद आयी.

आमी दोघानं आपल्या मनानं लग्न ठरवलं तर बा माह्याशी बोलायचा बंद झाला. जात म्हनून नाई म्हने, जात आमी मानत नाई, पन ज्याच्या गावाचा, घराचा पत्ता नाई त्याले पोरगी कशी देऊ, उद्या उठून गेला तर कुठी शोधू. लग्नाले तो आला नाई. माय आली, लपत लपत. पोरगी झाली तवा बा रस्त्यात भेटला, पोरीकडे पाह्यलं, उभा राह्यला, आन तसाच निंगून गेला. माहं माहेर हाकेच्या अंतरावर होतं भाऊ, पन काय सांगू तुमाले, चंद्रपूरपेक्षा दूर झालं.

मग काकाच्या घरून आमी येगळे निंगालो. येगळं राह्यलो तर येगळं रासनकार्ड पाह्यजे. निताई तहसीलीत गेला, मी पोरीले घेऊन बाहेर झाडाखाली बसली. काकानं त्याले घरूनच पढवून धाडलं होतं, म्हने आमच्यासोबतच आलो म्हन, लहान होतो म्हन, कोनी काही विचारत नाई. त्यानं मान हालवली. आत बाबूनं विचारलं, बाप? म्हने वारला. माय? तर हा गप. बाबू म्हने, अरे माय आहे का मेली? काकाच्या हिशेबानं मेली म्हनायचं होतं, तिकडंच, आदीच. पन त्याच्या तोंडून ते निंगेना. त्यानं सांगतलं, आहे, तिकडे आहे. तिकडे म्हनजे कुठी? म्हने खुलन्याकडे. मग बाबूनं मान वर केली, म्हने, माय तिकडे, तर तू कधी आला? आन मग ह्या मानसानं सारं खरं सांगून टाकलं.

घरी येताना मले म्हने, जिती माँ को मरी कैसे बोलता. मी म्हटलं, बरं केलं. मले काय माहीत होतं.

पंधरा-वीस दिवसांनी पोलीस आले. मारलं-झोडलं नाई कोनी, खोटं काऊन बोलू. एक हवालदार तर मनाचा चांगला होता, म्हने बाई, वरून कागद आला, परदेशी मानूस बिना परवान्याचा राहून राह्यला, आमाले न्यावंच लागते. निताई जाळं इनत होता. जाळ्याची सुई त्यानं माह्या हातात देल्ली आन उठला. चामोर्शीच्या ठान्यात दोन दिवस ठेवलं, मग गडचिरोलीच्या कोर्टात उभं केलं. गडचिरोली जिल्हा तवा नवानवाच झाल्ता, त्याचं जेल नव्हतं, म्हनून चंद्रपूरच्या जेलात धाडलं. पोरीचा दात निंगत होता, ताप होता तिले, मी तिले पाठीशी बांधून एसटीत बसली. त्याच्या आदी मी चंद्रपूर पाह्यलंच नव्हतं. जेलाची भिंत पाह्यली आन वाटलं, एवढी मोठी भिंत माह्या निताईसाठी कायले, तो तर कोंबडी पकडायले भेते.

जाळीच्या तिकडून तो दिसला. गाल बसले होते. आतले लोक त्याले नावानं हाका मारत नव्हते, बांगलादेसी म्हनत. त्यानं पयले पोरीचं विचारलं, दात निंगाला का. मग जाळं ओलं तर नाई ठेवलं, सडन म्हने. आन मग खाली पाहून विचारलं, मी झूठ बोलायले पाह्यजे होतं का? मी पोरीले उचलून जाळीपाशी धरलं. इतकी वर्सं झाली, कधी वाटते हो म्हनावं, कधी वाटते नाई म्हनावं.

गडचिरोलीले एक वकील भेटले, तरनेच होते, कोट उन्हानं इटलेला. त्यायनं जमानतीचा अर्ज टाकला. आमाले वाटलं, अर्ज टाकला म्हनजे सुटला. कोर्टाच्या सायबानं नामंजूर केला. सरकारी वकील म्हने, ह्या मानसाचं इथी काहीच नाई, ना घर नावावर ना जमीन, सोडला का सरहद्द पार करन. वकीलसायेब बाहेर येऊन पायरीवर बसले माह्या बाजूले. म्हने, बाई, सायबाले एकच भेव आहे, हा पळाला तर कोनाच्या गळ्याले धरायचं. आपन दुसऱ्यांदा अर्ज करू. पन इथला मानूस पाह्यजे जमानतदार म्हनून, ज्याच्या नावावर जमीन आहे. तो लिहून देईन का मी ह्याले तारखेवर हजर ठेवतो. नाई ठेवला तर सरकार त्याच्या जमिनीचा लिलाव करन.

मी काकाकडे गेली. काकाची जमीन सरकारनं देलेली, ती अशी गुंतवता येत नव्हती, आन येत असती तरी तो भेला होता. म्हातारा माह्यासमोर रडला. म्हने बेटी, मी कोर्टात गेलो तर मलेच विचारतील, तू कोन, कवा आला, दाखव. साऱ्या कॅम्पाचीच तशी गत होती. कोनी घराबाहेर निंगत नव्हतं त्या दिवसात. मी त्यायले नावं ठेवत नाई. एकदा घर सुटलेला मानूस लय भेते.

मग गावातले पाटील, दुकानदार, ज्यायच्या बांद्यात आमी राबलो, त्यायच्या दारात गेली. कोनी म्हने पोरं नाई म्हनतात, कोनी म्हने बाई तुही गोष्ट खरी आहे पन बंगाल्याचा काय भरोसा. शेवटी माय म्हने, बापाकडे जाय. मी म्हटलं, तो मले तोंड दाखवत नाई, जमीन कुठून देईन. माय म्हने, तू विचार तर.

बा वसरीत बसून दोर वळत होता. मी उंबऱ्याबाहेरच उभी राह्यली. सांगत गेली, सांगत गेली, जेलाची भिंत, वकील, काका, सारं. तो दोर वळतच राह्यला. मग म्हने, जेवली का? मी म्हटलं नाई. म्हने, आत जाय, माय वाढन. त्याच्यावर एक शब्द नाई. मी समजली, नाई म्हनून राह्यला. ताट तसंच ठेवून मी कॅम्पात निंगून आली भाऊ. अन् सकाळी माय धावत आली कॅम्पात, म्हने चाल, तुहा बाप तलाठ्याकडे गेला.

तलाठ्यानं त्याले विचारलं म्हने, सोमाजी, बंगाल्यासाठी सातबारा काढून राह्यला? इचार कर, बुडशील. बा म्हने, तुमी सातबारा काढा. मग तहसीलीतून ऐपतीचा दाखला पाह्यजे, म्हनजे एवढ्याची जमानत घ्यायची ह्याची ऐपत आहे असा. ज्या मानसानं कधी कोनासमोर हात जोडला नाई, तो त्या दाखल्यासाठी चपराश्यालेही सायेब, सायेब म्हनत दारात उभा राह्यला. मी पाह्यलं हे. पाह्यलं म्हनून सांगून राह्यली. त्यानं स्वता कधी सांगतलं नाई.

कोर्टात त्याले उभं केलं. धोतर धुतलेलं, काखेत चप्पल, काऊन का आत घालू देतात का नाई त्याले माहीत नव्हतं. सायबानं विचारलं, तुले समजते का कशावर अंगठा लावून राह्यला? बा म्हने, समजते सायेब. हा पळाला तर तुही जमीन जाईन. समजते. किती वर्सं झाली घेऊन? बा म्हने, घेतली तवा ही पोरगी कडेवर होती. सायबानं मग निताईकडे बोट दाखवून विचारलं, हा तुहा कोन लागते?

कोर्टात तसा गलबला होता, पन मले काही ऐकू येईना. बानं ते नातं कधी तोंडावर आनलं नाई, ना माह्यापाशी ना निताईपाशी, गावात कोनी विचारलं तर त्याचं नाव घे नाई. तिथी तो म्हने, जवाई आहे सायेब. सायेब म्हने, जवाई पळाला तर? बा म्हने, पोरगी इथी आहे, नात इथी आहे, तो कुठी पळते.

निताईनं तोंड झाकून घेतलं. पोलिसाले वाटलं चक्कर आली, त्यानं दंडाले धरलं.

असा सुटला तो. पन सुटला म्हनजे कसा, तर दर सोमवारी चामोर्शीच्या ठान्यात हजेरी, जिल्ह्याबाहेर पाय टाकायचा नाई, तारीख पडली का कोर्टात उभं राह्यचं. आमाले ते काहीच वाटलं नाई तवा. घरी होता ना. बाच्या घरी येनं-जानं सुरू झालं. बा अन् तो एका धुऱ्यावर बसून तंबाखू मळत. बा त्याले विचारे, तिकडे तुमच्या गावात तुमाले कसं वागवत? निताईनं सांगतलं का आमच्या हातचं पानीही घेत नव्हते बडे लोक, तिकडेही, अन् आमच्याच धर्माचे. बानं मळलेली तंबाखू त्याच्या हातावर ठेवली अन् म्हने, अरे मग आदी काऊन नाई सांगतलं. ते दिवस चांगले होते. मले वाटे, झालं, आता सुख आहे.

केस मात्र चालूच. तारीख पडे, सायेब सुट्टीवर. तारीख पडे, साक्षीदार नाई. तहसीलीतल्या बाबूची बदली झाली होती, तो येईच ना.

अन् मग एका उन्हाळ्यात कॅम्पातला एक मानूस कलकत्त्याकडे लग्नाले गेला होता तो आला, अन् सरळ आमच्या घरी. म्हने निताई, तुही माँ आली आहे. सरहद्दीच्या अल्याड, एका नातेवाइकाकडे, कोनासोबत तरी. पोटाचा आजार आहे, अंथरुनालेच लागली. तिनं त्याचा हात धरून सांगतलं होतं म्हने, निताईले सांग, मी इथवर आली, आता पुढं चालवत नाई.

त्यानं ते ऐकलं आन जागचा हालला नाई. मी म्हटलं, आपन तिले इथी आनू. पन आनायचं कसं, तिच्यापाशीही कागद नाई, तिलेही पकडलं तर, आन दोन दिवसाच्या रेल्वेत ती टिकते का. वकीलसायबाकडे धावलो. त्यायनं अर्ज केला, मायले भेटायची परवानगी द्या म्हनून. सरकारी वकील उभा राह्यला, म्हने सायेब, सरहद्दीलेच जायचं म्हनून राह्यला, गेला तर येईन काय. सायेब म्हने पुढच्या तारखेले पाहू. पुढच्या तारखेले सायबाची बदली. नवा सायेब आला नव्हता.

एक दिवस बा भर दुपारी आला घरी. घामानं भिजलेला. बसलाही नाई. निताईले म्हने, जाय तू. निताई म्हने, बाबा, परवानगी नाई. बा म्हने, मले माहीत आहे नाई ते. तू जाय, मायचं तोंड पाहून ये. सोमवार चुकला तर चुकला. निताई म्हने, जमीन जाईन तुमची. बा म्हने, जाऊ दे. मेल्यावर का मी सोबत घेऊन जातो? तर निताई काय म्हने, तो मराठीत म्हने, सरळ मराठीत, इतकी चांगली मराठी मी त्याच्या तोंडून ऐकली नव्हती, म्हने, बाबा, तुमी कोर्टात जवाई म्हनले मले. आता लोकायनं म्हनायचं का, सोमाजीचा जवाई पळाला?

बा त्याच्यावर रागावला. खरंच रागावला, म्हने मी सांगून राह्यलो ना. निताई उठून तलावाकडे चालला गेला. रस्त्यानं गडचिरोलीची एसटी येत होती, ती थांबली, मानसं चढली, निंगून गेली. बा दारात उभा राहून त्या एसटीकडे पाहत राह्यला.

पावसाळा लागायच्या आदी खबर आली. माय गेली. लेकही पोचली नव्हती, परक्या घरीच गेली.

निताई तलावाच्या पाळीवर न्हाव्यापुढं बसला, डोकं भादरायले. आमच्यात हे सारं सोडलं होतं, मले त्यायची रीतही माहीत नव्हती, काय शिजवायचं, काय नाई, काकी सांगे तसं मी करे. बा तिथी येऊन बसला. निताईचं झालं तर बानं आपलं डोकं पुढं केलं. न्हावी थांबला, म्हने सोमाजी, तुमी तर मानत नाई. बा म्हने, मानत नाई. पन ह्याले भाऊ नाई इथी. तू कर. आन ज्या इहिनीले त्यानं कधी पाह्यलं नाई, तिच्यासाठी माह्या बापानं डोकं भादरलं. दोघं तसेच बसले पाळीवर, उन्हात, दोन भादरलेली डोकी.

पुढं केस अशीच संपली. बाबू साक्षीले आलाच नाई, नव्या सायबानं कागद पाह्यले, बायको इथली, लेकरू इथलं, अन् सोडून देल्लं. जमानत मोकळी झाली. वकीलसायेब हासत बाहेर आले, म्हने निताई, आता कुठीही जाय. निताई म्हने, कोनाकडे जाऊ सायेब.

बाले ते मरेपर्यंत लागून राह्यलं. म्हने, मीच त्याच्या पायात दोर बांधला. मी म्हनायची, बा, तू जमानत घेतली नसती तर तो आतच राह्यला असता, तवा कुठं भेट होत होती. तर म्हने, आत असता तर मनाले समजावता आलं असतं का भिंत आहे. बाहेर होता, एसटी दारासमोरून जात होती. मीही त्याच दारात उभं राहून ती एसटी पाह्यली होती. निताईले विचारलं तर तो म्हने, बाबाची काही चूक नाई, कोनाचीच नाई. पन तो म्हने म्हनून का दुःख कमी होते.

बा गेला त्याले आता वर्सं झाली. भाऊ नव्हता मले, बांदी माह्या नावानं आली. निताई आता थकला, डोळ्यानं कमी दिसते, जाळं हातानं चाचपून इनते. पोरगी आरमोरीले देल्ली, सुखात आहे.

मागच्या हिवाळ्यात कॅम्पातली एक बाई आली, तिच्या भावाले तसंच पकडलं, जमानतदार भेटत नाई. काकी, तुमची बांदी आहे, म्हने, अन् रडायले लागली. मी निताईकडे पाह्यलं. त्यानं जाळं बाजूले ठेवलं, तिले आपल्या बोलीत एकच विचारलं, त्याची माँ कुठी आहे? ती म्हने, इथीच आहे, माह्यापाशी, कॅम्पात. निताईनं मान हालवली. मले म्हने, दे मग अंगठा, लवकर दे.

देल्ला मी. सुटला तो पोरगा. परवा मी त्यायच्या घराकडून गेली तर म्हातारी ओट्यावर बसली होती, अन् तो तिच्या ताटातले मासोळीचे काटे काढून देत होता. तिनं मले बोलावलं, पन मी थांबली नाई भाऊ. म्हटलं, जेव माय, जेव, तुहा लेक तुह्यापाशी राहो.